लोकरी रनर परत घेणे आणि उत्पादनाची माहिती दुरुस्त करणे याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘हातमागावर विणलेला लोकरी रनर, ७५ × ३०० सेंमी’ हा माल वर्णनाशी न जुळणे, पूर्ण परतावा मिळण्याबाबत

महोदय,

रनरखाली (रनर म्हणजे चिंचोळ्या वाटेत अंथरायचा लांबट गालिचा) पांढरट भुकटी साचते आणि त्याला मध्यभागी फुगवटा आला आहे, या माझ्या पहिल्या तक्रारीवर आपल्या विभागाने तीन उपाय सुचवले: रनर उलटा गुंडाळून दिवसभर ठेवा, व्हॅक्यूम करत राहा, आणि खाली दुहेरी चिकटपट्टी लावा. आपण पाठवलेल्या मालाचा दोष यांपैकी एकाही उपायाने जाणार नाही, कारण तो रनर मुळात विणलेलाच नाही.

हातमागावर विणलेला रनर उलटा केला की पाठीवरही वीण आणि नक्षी दिसते. या रनरच्या पाठीला मात्र जाड सुती कापड चिकटवलेले आहे. एका कोपऱ्यात ते सुटले आहे. आत पाहिले तर ताणलेल्या कापडात टफ्टिंग गनने (धागा टोचणाऱ्या हातयंत्राने) लोकर टोचून मागून लेटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा, थर दिलेला स्पष्ट दिसतो. याला हँड-टफ्टेड म्हणतात. असा माल वाईटच असतो असे नाही. लेटेक्स चांगला असेल तर तो कित्येक वर्षे टिकतो. पण तो हातमागाचा नव्हे, आणि त्या नावाखाली विकणे योग्य नाही.

‘लोकर सुरुवातीला गळतेच’ असे आपण कळवले आहे. मान्य. नव्या लोकरी गालिच्यातून काही महिने मऊ तंतू निघतात, ते हळूहळू कमी होतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हतीच. तक्रार रनरखाली साचणाऱ्या पांढरट भुकटीची आहे. ती लोकर नाही. लेटेक्समध्ये स्वस्त भर म्हणून खडूची पूड मिसळतात. तिचे प्रमाण जास्त असले किंवा लेटेक्स जुना झाला की थर ठिसूळ होतो आणि पायाखाली चुरडून अशी भुकटी पडते. पाठवलेल्या फोटोत फरशीवर रनरच्या मधोमध लांबीभर तिचा पट्टा दिसेल. मधोमधच, कारण चिंचोळ्या वाटेत प्रत्येकाचे पाऊल त्याच हात-दीड हाताच्या पट्ट्यावर पडते. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर वर्दळ विखुरते, वर सोफा-टेबलाचे वजनही असते. रनरला यातले काहीच मिळत नाही, म्हणून कच्चा लेटेक्स सगळ्यात आधी रनरमध्ये उघडा पडतो.

उलट्या गुंडाळीचेही तसेच. गुंडाळून आलेल्या मालाची टोके वर वळलेली असतील तर हा उपाय चालतो. इथे टोके सपाट आहेत, फुगवटा मध्यभागी आहे. तो चिमटीत धरला की वरची लव (लोकरीचे उभे तंतू) आणि खालचे कापड एकमेकांवरून सरकतात, म्हणजे थर सुटला आहे. ठिसूळ लेटेक्स उलटा वाकवला तर त्याला भेगाच पडतील. चिकटपट्टी लावली तर ती फक्त खालच्या कापडाला धरून ठेवेल. वरचा भाग सरकतच राहील आणि फुगवट्याला पाय अडखळून कोणीतरी पडेल.

आता मापे. उत्पादनाच्या पानावर ‘जाडी ९ मिमी’ लिहिले आहे. आमच्या दाराखाली १३ मिमी फट आहे; ९ मिमीचा रनर आणि त्याखाली घालायचा २ मिमीचा पॅड मिळून ११ मिमी, म्हणून हा निवडला. प्रत्यक्षात ९ मिमी ही नुसत्या लवेची उंची निघाली. लेटेक्स आणि कापड धरून एकूण जाडी १४ मिमी भरते. पॅड न घालताही दार रनरवर घासते आणि उघडताना त्याचे टोक पुढे ढकलते. जाडीच्या रकान्यात लवेची उंची टाकायची ही चलाखी असेल किंवा निष्काळजीपणा, ग्राहकाला फळ एकच.

लांबीचाही घोळ आहे. दशांसह २९८ सेंमी भरते, पण दोन्ही टोकांच्या ८-८ सेंमी दशा वजा केल्या तर गालिचा २८२ सेंमीच. आमची वाट ३३० सेंमी लांब. दोन्हीकडे १५ सेंमी फरशी दिसावी या हिशेबाने ३०० हवे होते. रुंदी ७१ सेंमी आहे. हाताने केलेल्या मालात थोडा फरक चालतो हे खरे, पण दशा लांबीत मोजणे हा फरक नव्हे.

सोबत भेट म्हणून आलेल्या ‘सर्व फरशांसाठी सुरक्षित’ रबरी जाळीच्या पॅडबद्दलही लिहायलाच हवे. व्हिनाइलच्या फरशीवर रबर दीर्घकाळ टेकून राहिले तर त्यातली रसायने व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पडतो. तो पुसून जात नाही, कारण रंग पृष्ठभागाच्या आत गेलेला असतो. त्यामुळे ती जाळी मी वापरलेली नाही. शिवाय ती रनरएवढीच कापलेली आहे. पॅड चारही बाजूंनी दोन-तीन सेंमी आत हवा, म्हणजे कड खाली उतरते आणि पाय अडखळत नाही.

काळजी कशी घ्यावी याबाबतही आपल्याच दोन सूचना एकमेकींना छेद देतात. पानावर ‘फक्त ड्राय क्लीन’, तर शिवलेल्या पट्टीवर ‘मशीनमध्ये हलके धुवा’. हा रनर मशीनमध्ये टाकला तर लोकर आटून घट्ट होईल आणि लेटेक्सचा थर आणखी सुटेल. दुसऱ्या कोणी त्या पट्टीवर विश्वास ठेवण्याआधी ती बदला.

माझ्या मागण्या अशा:

रनर आणि जाळी आपल्या खर्चाने घेऊन जावी व पूर्ण रक्कम परत करावी. बदली माल नको. त्याच खेपेतला दुसरा नग आला तर लेटेक्स तोच असणार. मूळ वेष्टणाची अट घालू नये, वेष्टण उघडल्याशिवाय पाठ तपासता येत नाही.

उत्पादनाच्या पानावर बनवण्याची खरी पद्धत, दशा सोडून लांबी, पाठीसकट एकूण जाडी आणि पॅड कशाचा आहे हे लिहावे. पाठीचा एक स्पष्ट फोटो टाकावा. माल उचलण्याची तारीख लेखी कळवावी.

आपला ग्राहक

सोबत: पाठीचा व सुटलेल्या कोपऱ्याचा फोटो, भुकटीचा फोटो, टेप लावून घेतलेल्या मापांचे फोटो, शिवलेल्या पट्टीचा फोटो, पावतीची प्रत.