शिबिराआधी चार गोष्टी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या शिबिरात मोबाइलवरच्या, बोटं टेकवायच्या पट्टीने ईसीजी (हृदयाच्या विद्युत हालचालींचा आलेख) काढणार आहेस, हे बरं केलंस. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, जिच्यातून पक्षाघाताचा धोका), हुडकायचं तर पासष्टीपुढचेच गाठायला हवेत. मात्र बोटं टेकवली की झालं, असं पोरांना सांगू नकोस. निम्मं काम माणसाला नीट बसवण्यात आहे.

आधी पाच मिनिटं शांत बसू दे. पट्टी टेबलावर, हात कोपरापर्यंत टेबलावर टेकलेले, बोटं हलकी. दाबून धरलं की स्नायूंची थरथर आलेखात उतरते आणि पी लहरी (ठोक्याआधीचा छोटा उंचवटा) त्यात बुडतात. राबलेल्या हातांची कातडी जाड, कोरडी. ओल्या फडक्याने बोटं पुसून घ्या. 30 सेकंद बोलणं बंद. फोन चार्जरवर नको. ॲपमधला मेन्स फिल्टर 50 हर्ट्झवर आहे ना, तेही बघ; 60 वर राहिला तर आपल्या विजेची खरखर रेषेवर चढते. जुन्या कार्डियामोबाइल पट्टीला ब्लूटूथ नसतं. ती कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजातून फोनच्या माइककडे संदेश पाठवते, म्हणून माइकची परवानगी हवी, पट्टी फोनजवळ हवी आणि कर्णा लांब. (शिबिर म्हटलं की कर्णा आलाच!) आलेख उलटा आला तर डावा-उजवा हात बदललाय का ते आधी पाहा.

ॲपने ‘पॉसिबल एएफ’ (एएफ असू शकेल) म्हटलं, म्हणजे निदान नव्हे. अधूनमधून पडणारे जादा ठोके, पार्किन्सनचा कंप, अगदी बारीक पी लहरी यांनी ॲप फसतं. उलटही होतं: एट्रियल फ्लटरमध्ये (एएफसारखाच, पण ठरावीक लयीचा बिघाड) ठोके 150 च्या आसपास, एकसारखे पडत असले तर ॲप एएफचं नावही न घेता सोडून देऊ शकतं. म्हणून प्रत्येक आलेख तूच वाच. ठोक्यांमधलं अंतर वेडंवाकडं आणि पी लहर कुठेच नाही, असं 30 सेकंद दिसलं तर युरोपीय हृदयरोग संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शिकेनुसार एका लीडवरही (हृदयाकडे एकाच बाजूने पाहणाऱ्या आलेखावरही) निदान करता येतं. तरी बारा लीडचा ईसीजी काढच. बाकीचं हृदय कसं आहे, ते त्यात कळतं.

‘नॉर्मल’ आलेल्यांनाही मोकळं सोडू नकोस. एएफ येतं-जातं. वेल्समध्ये पासष्टीपुढच्या सुमारे हजार जणांवर अभ्यास झाला, 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा असा आलेख काढला, त्यांच्यात 19 जणांना एएफ सापडलं; नेहमीच्या देखरेखीतल्या निम्म्यांत फक्त 5. तेव्हा एका दिवसाच्या शिबिरावर थांबू नकोस, पट्टी संघाच्या कार्यालयातच ठेव.

सापडलेल्याला ॲस्पिरिन देऊन घरी धाडणं ही जुनी खोड. पक्षाघात टाळायला त्याचा भरवसा नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, आधीचा पक्षाघात यांचे गुण मांडून रक्त पातळ करणारं औषध ठरतं. आपल्याकडे आणखी एक मेख आहे: लहानपणीच्या संधिज्वराने अरुंद झालेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली). स्टेथोस्कोप लाव, शंका आली तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घे. झडप बरीच अरुंद असली तर रक्त पातळ करणारी नवी औषधं नव्हेत, जुनं वॉरफरिनच, आणि त्यासोबत नियमित आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी).

छातीत दुखतंय म्हणून कोणी आला तर पट्टी हातातही घेऊ नकोस, हृदयविकाराचा झटका तिच्यावर ओळखता येत नाही. त्याला थेट रुग्णालयात पाठव. आणि आलेखाच्या प्रत्येक पीडीएफवर नाव, वय नि घरच्या माणसाचा फोन नंबर तिथल्या तिथे लिहून घे. संध्याकाळी सगळ्या फायली सारख्याच दिसतात.

तुझा,
मोहन