डिस्क बदलायच्या आधी ऑइल तरी बघा

संपादक साहेब, स.न.वि.वि.
आमच्या पुतण्याने कोईमतूरच्या कारी या रेसिंग ट्रॅकवर गाडी पळवून आणली, आणि सोलापुरात आल्यावर ब्रेकचा पेडल पार खालपर्यंत जायला लागला, दाबलं की भसभशीत, आणि वेगात ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतंय. सात रस्त्याजवळच्या गॅरेजवाल्याने न बघताच सांगितलं, डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) वाकल्यात, चारही बदला! अहो, चाक तरी काढा की आधी. हे दोन वेगळे आजार आहेत. पेडल मऊ म्हणजे बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळून लाइनमध्ये बुडबुडे झालेत. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० डिग्रीपर्यंत टिकतं, पण हवेतला ओलावा पिऊन जुनं झालं की १५५ च्या आसपाससुद्धा उकळू शकतं, मग नवं ऑइल टाकून ब्लीडिंग करायचं, म्हणजे लाइनमधली हवा काढून टाकायची. थरथर असेल तर तापलेल्या पॅडचा (ब्रेक मारल्यावर डिस्कला दाबून धरतो त्या भागाचा) थर डिस्कवर कमी-जास्त चिकटलाय का ते बघायचं, दरवेळी डिस्क वाकलेलीच नसते. पॅड काचेसारखे चकचकीत झाले असतील तर तेही बदला. आणि हे सगळं झाल्याशिवाय ती गाडी घेऊन तुळजापूरचा घाट कुणी उतरू नये, बास.
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर