आपा, फहमीदा रियाझ वाचायला शिकवल्याबद्दल

प्रिय आपा,

सलाम.

समोर बसून आभार मानायला गेले तर तुम्ही "बस्स, चहा घे आधी" म्हणून विषय बदलणार, हे मला माहीत आहे. म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय फहमीदा रियाझ या पाकिस्तानी उर्दू कवयित्रीबद्दल मराठीत चार शब्द लिहायचे कधीपासून मनात होतं, आणि तुम्हाला वगळून ते लिहिणं मला जमणार नाही.

सुरुवात त्या एका कवितेनं झाली, 'तुम बिल्कुल हम जैसे निकले, अब तक कहाँ छुपे थे भाई'. फोनवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली होती, देवनागरीत आणि कवयित्रीच्या नावाशिवाय. धर्माच्या नावावर पाकिस्तानात जे झालं तेच आता तुमच्याकडे चाललंय, या भावा, स्वागत आहे, असा तो भारताला मारलेला टोमणा. मला फार आवडली होती. मी फोन तुमच्यापुढे धरला. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून वाचलीत आणि म्हणालात, "ही आमच्या फहमीदाची. पण एवढीच वाचलीस तर तुला फक्त टोमणा कळेल. तिनं आधी स्वतःच्या घरच्यांना काय काय ऐकवलंय ते वाच. मग हा टोमणा मारायचा हक्क तिला कुठून आला ते कळेल."

घरच्यांना काय ऐकवलं ते वाचायचं तर लिपी यायला हवी होती. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत आयुष्यभर पहिलीच्या पोरांना अलिफ-बे गिरवायला लावलेल्या बाईनं मग मलाही पाटीवर बसवलं. अक्षरं आली, पण वाचता काही येईना, कारण उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. ज्याला शब्द आधीपासून माहीत आहे त्यालाच तो वाचता येतो! यावर तुम्ही काढलेला उपाय मी जन्मभर विसरणार नाही. कवितांच्या झेरॉक्स काढून आणायच्या आणि शिसपेन्सिलीनं प्रत्येक शब्दावर जेर, जबर, पेश या ऱ्हस्व स्वरांच्या खुणा मांडायच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी ओळीच्या ओळी. आता माझ्या फाइलमध्ये ती पानं ओळीनं लावली की तुमची पेन्सिल कुठे विरळ होत गेली ते दिसतं. शेवटच्या पानांवर ती नाहीच. "आता तुझं तू वाच."

तिची हकीगत तुम्ही सांगायचात ती मोहल्ल्यातल्या कुणाची सांगावी तशी. जन्म १९४६चा, मेरठचा. वडील शिक्षण खात्यातले, त्यांची बदली सिंधमधल्या हैदराबादला झाली आणि घर तिथलंच झालं. ती लहान असतानाच वडील गेले, आईनं वाढवलं. घरची उर्दू, गावाची सिंधी, शिवाय फारसी. पुढे शेख अयाझ आणि शाह अब्दुल लतीफ हे सिंधी कवी उर्दूत आणले, फारसीतून फरोग फर्रुखजाद आणि रूमी आणले, त्याचं मूळ या हैदराबादेत आहे. पहिला संग्रह 'पत्थर की जुबान' १९६७मध्ये आला तेव्हा ती पुरती बावीस वर्षांचीही नव्हती. मग लग्न होऊन लंडन, तिथे बीबीसीची उर्दू सेवा, आणि ते लग्न मोडल्यावर कराचीला परत. १९७३मध्ये 'बदन दरीदा'.

इथे मला थांबलंच पाहिजे, कारण माझे खरे आभार याच पुस्तकासाठी आहेत. तुम्ही पाच वेळची नमाज पढणाऱ्या, डोक्यावरची ओढणी कधी न ढळू देणाऱ्या. बाईच्या देहाबद्दल, इच्छेबद्दल, गरोदरपणाबद्दल इतकं उघड लिहिलेलं तुम्हाला पटत नाही. तसं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. "हे असं लिहू नये असं मला आजही वाटतं. पण अर्धवट वाचून लोकांनी तिची फार बदनामी केली. तू पूर्ण वाच." आणि न पटणारं पुस्तक तुम्ही मला ओळ न ओळ शिकवलंत. आपल्याला न आवडणारा लेखक दुसऱ्याला इतक्या इमानानं शिकवणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. वाङ्मय शिकवणारे पुष्कळ भेटले, त्यांच्या आवडीनिवडी तोंडपाठ झाल्या, पुस्तकं राहिली ती राहिलीच.

'मुकाबला-ए-हुस्न' आठवते? सौंदर्यस्पर्धेत बाईची मापं घेतात त्यावरची. कमरेची गोलाई आहे ती आहे, पण डोक्यातही काही शोधायची धमक आहे, असं ती सुनावते, आणि शेवटी म्हणते, माझी मोजमापं आटपली की स्वतःचाही एखादा अवयव मोजून बघा. तिथे तुम्ही ओढणीचा पदर तोंडाला लावून जे हसलात, ते ऐकून आतून सूनबाई बघायला आल्या. लगेच गंभीर होऊन मला दरडावलंत, "पुढचं वाच."

'अक्लीमा'वर मात्र आपलं वाजलं. आदमच्या मुलांची, हाबील-काबीलची ती बहीण, त्यांच्याच आईच्या पोटची, पण वेगळी. भाऊभावांच्या भांडणाची गोष्ट जगभर सांगतात, तिचं काय झालं कुणी विचारत नाही. कवितेच्या शेवटी फहमीदा थेट अल्लाहलाच सांगते, कधीतरी अक्लीमाशीही बोल, तिला काही विचार. मी म्हटलं, यात गैर काय? तुम्ही बराच वेळ सुपारी कातरत राहिलात. मग म्हणालात, "सवाल गलत नाही. लहजा गलत आहे." हा निकाल मला अजून मान्य नाही. पण निम्मा हक्क तुम्ही तिला देऊन टाकलात, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मग पाकिस्तानात जनरल झियांची लष्करी राजवट आली. १९७९चे हुदूद कायदे, म्हणजे धर्माच्या नावानं आणलेले शिक्षांचे कायदे, आणि बायकांसाठी 'चादर और चारदीवारी'चा घोष. तिची त्याच नावाची कविता सुरू होते ती 'हुज़ूर, मैं इस सियाह चादर का क्या करूँगी' अशी. मी ना सुतकात आहे ना गुन्हेगार, मग ही काळी चादर मला कशाला? तुमच्या महालात जे प्रेत सडतंय त्याच्यावर घाला. शेवटी ती स्वतःला नव्या माणसाची सोबतीण म्हणवते. ती वाचताना मला राहवलं नाही आणि मी जनाबाई म्हणून दाखवली, "डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी". तुम्ही परत म्हणायला लावलीत. मग माझ्याच वहीत उर्दू अक्षरांत ती ओळ उतरवून घेतलीत आणि विचारलंत, "ही कधीची?" सातशे वर्षांपूर्वीची म्हटल्यावर, "मग फहमीदाला लोक एवढे का चिडले?" मी काय सांगणार? चिडायचं ते जनीच्या काळातही चिडले असतील.

ती आणि तिचा दुसरा नवरा 'आवाज' नावाचं मासिक चालवायची. त्यातल्या मजकुरावरून खटल्यांवर खटले झाले, त्यात राजद्रोहाचंही कलम, १२४-अ. आपल्या टिळकांवर लावलेलं तेच. इंग्रज गेले, कलम दोन्हीकडे पुढे कितीतरी वर्षं राहिलं. नवरा तुरुंगात. तिला अटक व्हायची तर तिच्या कवितांच्या एका चाहत्यानं जामीन भरला, आणि मुशायऱ्याचं निमंत्रण आहे असं सांगून १९८१मध्ये ती दोन लहान मुलं आणि बहिणीसह भारतात आली. पंजाबी लेखिका अमृता प्रीतमनी इंदिरा गांधींकडे शब्द टाकला, आसरा मिळाला, जामिया मिल्लियात काम मिळालं. जवळपास सात वर्षं ती दिल्लीत होती. म्हणजे ते 'भाई' हे संबोधन वरवरचं नव्हतं. आसरा दिलेल्या घराशी ती बोलत होती, आणि म्हणूनच एवढी बोलली. तुम्ही म्हणाला होतात तो हक्क हाच, हे मला इथे आल्यावर कळलं.

परतल्यावर बेनझीरच्या राजवटीत मान मिळाला, सरकार बदललं की पुन्हा हाल. जिच्यावर राजद्रोहाचा खटला चालला तीच पुढे काही काळ उर्दू डिक्शनरी बोर्डाची प्रमुख संपादक झाली, हे सांगताना तुम्हाला कोण आनंद! २००७मध्ये तिचा मुलगा कबीर अमेरिकेत पाण्यात बुडून गेला. 'तुम कबीर'मधलं तिचं दुःख तुम्ही मला समजावलं नाहीत, नुसतं मोठ्यानं वाचलंत. २१ नोव्हेंबर २०१८ला ती लाहोरमध्ये वारली.

आपा, ज्या कवितेपासून सुरुवात केली ती आता मला कुणी पाठवली तर मी 'तिची चादरवाली वाचलीत का?' असं विचारते. बहुतेक जण उत्तर देत नाहीत. दोघी-तिघींनी दिलं, त्यातल्या एकीला लिपी शिकायची आहे. तिला तुमच्याकडे पाठवू का? पेन्सिल मी लावीन, तुम्ही फक्त उच्चार बघा.

आणि तिची 'बाकिरा' ही कविता तुम्ही माझ्यासोबत वाचली नाहीत. "ती राहू दे" म्हणून पान उलटलंत. मी घरी एकटीनं वाचली. तिच्यावर आपलं भांडण राहिलंय. रविवारी असरच्या नमाजनंतर येते. तिची 'गोदावरी' कादंबरीही काढून ठेवा, आपल्या नदीच्या नावाची आहे, ती तरी नाही म्हणू नका.

तुमची,
पेन्सिलवाली पोरगी