सेफ मारणारा भित्रा नसतो

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरचं खेळाचं पान मी रोज वाचतो पण पूलबद्दल, म्हणजे टेबलावर काठीनं बॉल पॉकेटात पाडायच्या खेळाबद्दल, त्यात कधीच काही नसतं. पूलच्याच भावकीतल्या बिलियर्ड्स-स्नूकरमध्ये पंकज अडवाणी जिंकला की चार ओळी येतात अन् विषय संपतो, व्हाइट (ज्याला काठीनं मारतात तो पांढरा बॉल) त्यानं कुठं लपवून ठेवला होता ते कुणी लिहीत नाही. इकडं लातुरात क्लास सुटले की पोरं पूल टेबलावर जमतात, आता काही टेबलांवर वन पॉकेट पण खेळायलेत, आणि कुणी एखादा सेफ मारला, म्हणजे बॉल पाडायच्या ऐवजी समोरच्याला अडचणीत टाकणारा शॉट मारला, की मागून लगेच आवाज येतो, 'मार की रे, काय घाबरायलास!' त्यासाठीच हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी वन पॉकेट थोडक्यात सांगतो. टेबलाला सहा पॉकेट असले तरी सुरुवातीला बॉलचा रॅक लागतो (बॉल रचतात) त्या बाजूचं कोपऱ्यातलं एक पॉकेट तुमचं आणि दुसरं समोरच्याचं, बाकी चार कुणाचेच नाहीत. 15 बॉलपैकी ज्याचे 8 आधी पडले तो जिंकला. नंबर, रंग काही बघायचं नाही. तुमच्या हातून बॉल समोरच्याच्या पॉकेटात गेला तर तो त्याच्याच खात्यात. म्हणजे इथं प्रत्येक शॉटला दोन हिशोब असतात, माझा किती फायदा आणि हुकलं तर त्याला काय मिळणार, आणि मागं उभी असलेली पोरं फक्त पहिलाच हिशोब बघतात.

आता समजा माझे 5 झालेत, त्याचे 6. त्याच्या पॉकेटजवळ दोन बॉल उभेच आहेत आणि मला एक लांबचा बँक, म्हणजे बॉल टेबलाच्या कडेच्या कुशनला आपटून पॉकेटात पाडायचा शॉट, दिसतोय. तो बँक दोनदा मारला तर एकदा पडतो असं धरा, आमच्यासारख्यांचा तेवढा पण पडत नाही ही गोष्ट वेगळी. पडला तर मला एक मिळाला, हुकला तर व्हाइट मोकळ्यात आणि समोरचा दोन्ही बॉल उचलून गेमच घेऊन जातो. एकासाठी अख्खा गेम लावायचा का? त्यापेक्षा त्याच्या तोंडावरच्या बॉलला हलकं ढकलून वरच्या, म्हणजे या दोन पॉकेटांपासून लांबच्या, बाजूला घालवायचं आणि व्हाइट घोळक्याच्या मागं कुशनला चिकटवून ठेवायचा, मग त्याला क्यू (काठी) उभा धरून मारावं लागतं आणि समोर सरळ बॉलच दिसत नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचं, बॉलला व्हाइट लागल्यावर कुठला तरी बॉल कुशनला लागलाच पाहिजे, नाहीतर फाऊल.

फाऊलची गंमत तर अजून भारी आहे. नाइन बॉल या पूलच्याच दुसऱ्या प्रकारात फाऊल झाला की समोरच्याला व्हाइट हातात मिळतो, हवा तिथं ठेवून मारायला. वन पॉकेटमध्ये तसं नाही, व्हाइट जिथं आहे तिथूनच त्यानं मारायचं, तुमचा फक्त एक बॉल कमी होऊन परत टेबलावर स्पॉटवर, म्हणजे ठरलेल्या खुणेवर, येतो. म्हणून जाणकार माणूस कधी कधी मुद्दाम व्हाइटला क्यूचा नुसता टिप (टोक) लावून फाऊल करतो, एक बॉल गेला तरी चालेल पण समोरच्याला अडकवून ठेवतो. व्हाइटच पॉकेटात गेला तर मात्र तो समोरच्याच्या हातात जातो, टेबलाच्या वरच्या भागातून मारायला. आणि लागोपाठ तीन फाऊल केले की गेम गेला, त्यामुळं ही युक्ती पण मोजूनच वापरावी लागते.

एफ्रेन रेयेस हे नाव पूलवाल्यांना सांगायला नको. फिलिपिन्सचा हा माणूस 1999 ला कार्डिफला नाइन बॉलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि अमेरिकेतल्या डर्बी सिटी क्लासिकमध्ये वन पॉकेट त्यानं कितीतरी वेळा जिंकलं. पोरं मोबाइलवर त्याचे जादूचे शॉट बघतात, पण त्याच्या आधीचे संथ, कंटाळवाणे वाटणारे सहा-सात सेफ पुढं ढकलून देतात. तो शॉट तिथं आला कशामुळं ते त्या सहा-सात सेफमध्येच असतं ना!

पोरांचं पण एक खरं आहे, टेबलाचं भाडं तासावर असतं आणि हरेल त्यानं द्यायचं, त्यामुळं सेफ-सेफ करत गेम तासभर चालला की खिसा दुखतो. पूल पार्लरवाल्याला चालतंय. तरी पण आपल्या मराठवाड्यात पहिल्या सरीवर पेरून दुबार पेरणी केलेली माणसं घरोघर आहेत, जमिनीत 75 ते 100 मिलिमीटर पाऊस मुरल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं आणि थांबणाऱ्याला तिथं कुणी भित्रा म्हणत नाही.

आता कायम सेफच मारा असंही माझं म्हणणं नाही. समोरच्याला एकच बॉल हवा आहे आणि तो त्याच्या पॉकेटच्या तोंडावर बसलाय, काढता येत नाही, मग सेफ कसला करता, मारा बँक. पुढं असताना बॉल वरच्या बाजूला पाठवून गेम आखडायचा आणि मागं पडलो की बॉल खाली आणून गर्दी करायची, एवढं स्कोअर बघून ठरवायचं. काही लोकं सवयीनं सेफ मारतात, ते पण चुकीचंच.

तर साहेब, एक विनंती आहे. रविवारच्या पानात जागा असेल तर एका टेबलाचं चित्र टाका, पंधरा बॉल, दोन पॉकेट वेगळ्या रंगात, आणि विचारा की इथं काय माराल. उत्तर पुढच्या रविवारी द्या. पोरं फोटो काढून ग्रुपवर टाकतील आणि आठवडाभर भांडतील, तुमचा पेपर पण पार्लरात जाईल.

आपला,
एक वाचक, लातूर