त्राब्झोनचे यश हा चमत्कार नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत तुर्कस्तानच्या फुटबॉलवर नुकताच आलेला लेख मी आवडीने वाचला. फेनरबाहचे, गालातासराय आणि बेशिक्ताश या इस्तंबूलच्या तीन मोठ्या क्लबांची माहिती त्यात सविस्तर आहे. त्राब्झोनस्पोर या क्लबच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले असून त्या वाक्यात त्याच्या विजेतेपदांना ‘चमत्कार’ म्हटले आहे. माझी हरकत या शब्दाला आहे. एखाद्या गोष्टीला चमत्कार म्हटले की ती कोणी, कशी आणि कोणत्या परिस्थितीत घडवली हे विचारण्याची गरज उरत नाही, आणि त्राब्झोनच्या बाबतीत तर हे तिन्ही प्रश्न विचारण्यासारखे आहेत. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

त्राब्झोन हे तुर्कस्तानच्या ईशान्य टोकाला, काळ्या समुद्राच्या काठी वसलेले जुने बंदर आहे. शहराच्या पाठीशी लगेच उंच डोंगर सुरू होतात. पाऊस भरपूर, उतारांवर हेझलनटच्या बागा आणि समुद्रात ‘हाम्सी’ नावाची छोटी मासळी, असा हा मुलूख आहे. इस्तंबूलपासून तो रस्त्याने हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. पोटासाठी गाव सोडून इस्तंबूलला किंवा जर्मनीला जाणे हे तिथल्या कित्येक कुटुंबांच्या अंगवळणी पडलेले आहे. ‘आमच्यासाठी सगळीकडे त्राब्झोनच’ अशा अर्थाची घोषणा या क्लबचे समर्थक देतात, तिचे मूळ मला या स्थलांतरातच दिसते.

तुर्कस्तानची राष्ट्रीय लीग १९५९ साली सुरू झाली. पहिल्या मोसमात १६ संघ होते आणि ते सगळे इस्तंबूल, अंकारा आणि इझमीर या तीनच शहरांतले होते. उरलेल्या देशात फुटबॉल खेळला जात नव्हता असे नाही, परंतु तो शहरापुरता, स्थानिक लीगपुरता मर्यादित होता. १९६३ साली दुसऱ्या श्रेणीची लीग सुरू झाली. त्या काळी फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष असलेले ओरहान शेरेफ आपाक यांनी प्रांतोप्रांतीच्या शहरांपुढे एक सूचना ठेवली, ती अशी की आपापसांत भांडणारे छोटे क्लब एकत्र करावेत, शहराच्या नावाचा एकच भक्कम क्लब उभा करावा आणि त्याने या लीगमध्ये उतरावे. आज ज्यांच्या नावात शहराचे नाव आणि पुढे ‘स्पोर’ असते, अशा अनाटोलियातील (म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातील) अनेक क्लबांचा जन्म याच काळातला आहे. आपल्या लेखात या धोरणाचा उल्लेखच नाही. ते वगळले तर त्राब्झोनची गोष्ट मधूनच सुरू झाल्यासारखी वाटते.

त्राब्झोनमध्ये एकत्र येणे सर्वांत अवघड होते, कारण तिथले वैर सर्वांत जुने होते. पिवळ्या-लाल रंगाचा इदमान-ओजाई आणि हिरव्या-पांढऱ्या रंगाचा इदमान-ग्युजू या दोन क्लबांत सारे शहर वाटले गेले होते. येथे मराठी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तुर्की भाषेत ‘इदमान’ म्हणजे व्यायाम आणि ‘ओजाक’ म्हणजे चूल, घर, ठिय्या. ‘इदमान-ओजाई’ या नावाला मराठीत चपखल शब्द शोधायचा झाला तर तो ‘तालीम’ हाच आहे, आणि कवायत व सराव या अर्थाने ‘तालिम’ हा शब्द तुर्कीतही आहे. मी कोल्हापूरचा आहे. आमच्याकडे पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने होतात, आणि सामना हरल्यावर घरात जेवण गोड लागत नाही हे मी लहानपणापासून अनुभवले आहे. अशा दोन तालमींनी आपले नाव, आपला रंग आणि आपला इतिहास बाजूला ठेवून एक व्हायचे म्हणजे काय, याची कल्पना मला करता येते, आणि म्हणूनच त्राब्झोनच्या लोकांनी जे केले ते मला मोलाचे वाटते.

ते एका बैठकीत झाले नाही. १९६६ साली इदमान-ओजाईला वगळून, लाल-पांढऱ्या रंगात एक त्राब्झोनस्पोर स्थापन करण्याचा प्रयत्न झाला, पण शहरातला अर्धा जीव बाहेर राहिल्यावर तो टिकणे शक्य नव्हते. अखेर २ ऑगस्ट १९६७ रोजी इदमान-ओजाई, इदमान-ग्युजू, कारादेनिझ-ग्युजू आणि मार्तीस्पोर हे चार क्लब एकत्र आले आणि आजचा त्राब्झोनस्पोर जन्माला आला. नव्या क्लबचे रंग ठरले गर्द तांबडा आणि निळा. पिवळा-लालही नाही आणि हिरवा-पांढराही नाही. आपला रंग जिंकला असे कोणालाही म्हणता येऊ नये, हा शहाणपणा त्या निवडीत मला दिसतो. पुढच्या काळात जे घडले त्याचा पाया या तडजोडीत आहे. शहरातले चांगले खेळाडू, शहरातला सगळा प्रेक्षक आणि तिकिटांचे सगळे उत्पन्न प्रथमच एका ठिकाणी जमा झाले.

यानंतरही क्लबने दुसऱ्या श्रेणीत सात मोसम काढले. १९७४ साली तो पहिल्या श्रेणीत आला, पहिला मोसम मधल्या स्थानावर संपला, आणि १९७५-७६ च्या दुसऱ्याच मोसमात तो विजेता झाला. राष्ट्रीय लीगच्या इतिहासात इस्तंबूलबाहेर गेलेले हे पहिले विजेतेपद होय. अंकारा आणि इझमीर यांनाही तोवर ते जमले नव्हते, आणि आजवर जमलेले नाही. योगायोग म्हणायचा तर तो एका वर्षापुरता म्हणता येईल. येथे १९७५-७६ पासून १९८३-८४ पर्यंतचे नऊ मोसम डोळ्यांसमोर ठेवावेत. त्यांत त्राब्झोनस्पोर सहा वेळा पहिला आला आणि उरलेल्या तिन्ही वेळा दुसरा. नऊ वर्षांत एकदाही तो दुसऱ्या क्रमांकाच्या खाली गेला नाही. ज्याची पुनरावृत्ती नऊ वर्षे होत राहते त्यामागे पद्धत असते.

ती पद्धत अशी. संघातले बहुतेक खेळाडू त्राब्झोन आणि आसपासच्या किनारपट्टीतले होते आणि लहानपणापासून एकमेकांबरोबर किंवा एकमेकांविरुद्ध खेळलेले होते. प्रशिक्षकही बाहेरून आणले नाहीत. सहापैकी चार विजेतेपदे अहमत सुआत ओझ्याझीजी यांच्या मार्गदर्शनाखाली आली आणि दोन ओझकान स्युमेर यांच्या. दोघेही त्राब्झोनचेच. इस्तंबूलचे क्लब परदेशी प्रशिक्षक आणत होते त्या काळात या दोघांनी आलटूनपालटून एकच संघ सांभाळला, त्यामुळे प्रशिक्षक बदलला तरी खेळ बदलला नाही. गोल कमी झाले तरी चालतील, पण सहज गोल खायचा नाही, हा त्या खेळाचा कणा होता. गोलरक्षक शेनोल ग्युनेश सहाही विजेतेपदांच्या वेळी संघात होते. पुढे हेच ग्युनेश राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि २००२ च्या विश्वचषकात तुर्कस्तान तिसऱ्या क्रमांकावर आला. आणि या सगळ्याला जोड होती ह्युसेयिन आवनी आकेर स्टेडियमची. १९५१ साली सुरू झालेले हे मैदान लहान होते, प्रेक्षक खेळाडूंच्या अगदी जवळ बसत, आणि तिथे येऊन जिंकणे इस्तंबूलच्या संघांना जड जाई.

युरोपातही या मैदानाचा धाक बसला होता. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपियन चषकाच्या दुसऱ्या फेरीत लिव्हरपूलचा संघ त्राब्झोनला आला आणि जेमिल उस्ता यांच्या पेनल्टीवर १-० ने हरून गेला. परतीच्या सामन्यात लिव्हरपूलने ३-० असा विजय मिळवला आणि पुढे त्या वर्षीचा चषकही जिंकला. इंटर मिलान (१९८३) आणि बार्सिलोना (१९९०) हेही त्राब्झोनला १-० ने हरले, आणि दोन्ही वेळा परतीच्या सामन्यात त्राब्झोन बाहेर पडला. बार्सिलोनात तर ७-२ असा मोठा पराभव झाला. हे निकालही मी मुद्दाम सांगतो आहे. या क्लबचे प्रेम सांगताना त्याचे पराभव लपवण्याचे कारण नाही.

१९८४ नंतर लीगचे विजेतेपद ३८ वर्षे आले नाही. या काळात क्लब दुबळा झाला होता असे म्हणता येत नाही, कारण तुर्की चषक ही लीगहून वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा तो एकूण नऊ वेळा जिंकला आहे आणि त्यांपैकी सहा वेळा १९८४ नंतर. पण लीगमध्ये दोन जखमा खोल आहेत. पहिली १९९६ ची. जॉर्जियाचा शोता आर्वेलाद्झे त्या मोसमात २५ गोल करून लीगमध्ये अव्वल ठरला. संघ शिखरावर होता आणि मोसम संपत आला असताना मे महिन्यात घरच्या मैदानावर फेनरबाहचेविरुद्ध आघाडी घेऊनही तो २-१ असा हरला. विजेतेपद फेनरबाहचेकडे गेले. दुसरी जखम २०११ ची. त्या मोसमात त्राब्झोनस्पोर आणि फेनरबाहचे यांचे गुण समान, प्रत्येकी ८२ होते, आणि विजेता फेनरबाहचे ठरला. जुलैत सामना-निश्चितीच्या (मॅच फिक्सिंगच्या) आरोपांवरून पोलिसांनी धरपकड केली, त्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये फेनरबाहचेऐवजी त्राब्झोनला पाठवण्यात आले, आणि सप्टेंबरमध्ये या संघाने मिलानला जाऊन इंटरला १-० ने हरवले. खटल्यात आधी शिक्षा झाल्या आणि पुढे फेरसुनावणीत आरोपी निर्दोष सुटले. विजेतेपदाच्या नोंदीत बदल झाला नाही. त्राब्झोनचे लोक मात्र त्या मोसमाचा चषक आजही आपलाच मानतात. न्यायालयाचा निर्णय मान्य करूनही त्यांच्या मनातली ही सल समजून घेता येते, असे मला वाटते.

या दोन घटनांपेक्षा मोठे कारण पैशाचे आहे. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणारे उत्पन्न वाढले, परदेशी खेळाडूंची संख्या वाढली, आणि गावातल्या पोरांवर संघ उभा करण्याची जुनी पद्धत मागे पडत गेली. जो खेळाडू चमकतो तो विकला जातो. २०११ च्या त्या संघातील सेल्चुक इनान त्याच वर्षी गालातासरायला गेला. पुढच्या मोसमात ३३ गोल करून लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा बुराक यिल्माझ २०१२ साली त्याच्या पाठोपाठ गेला. त्राब्झोनमध्येच जन्मलेला युसूफ याझीजी २०१९ साली फ्रान्समधील लील या क्लबने घेतला. क्लबच्या तिजोरीला याने हातभार लागला असेल, पण संघाची घडी दरवेळी नव्याने बसवावी लागली.

म्हणूनच २०२१-२२ चे विजेतेपद पहिल्या सहांच्या रांगेत बसवताना थोडा विचार करावा लागतो. ३० एप्रिल २०२२ रोजी अंतालियास्पोरशी २-२ अशी बरोबरी झाली आणि विजेतेपद निश्चित झाले. त्या रात्री शहरात झालेल्या जल्लोषाची दृश्ये मी पाहिली आहेत आणि ती पाहताना माझेही डोळे भरून आले होते. परंतु प्रशिक्षक अब्दुल्ला आवजी इस्तंबूलचे, मधल्या फळीत स्लोव्हाकियाचा मारेक हामशिक, आक्रमणात नायजेरियाचा अँथनी न्वाकाएमे, अशी त्या संघाची रचना होती. हा मोठा पराक्रम आहेच, मात्र तो वेगळ्या मार्गाने मिळवलेला आहे. आपल्या लेखात सातही विजेतेपदे एकाच वाक्यात मोजली आहेत, त्यामुळे हा फरक पुसला जातो. त्याआधीच, २०१६ च्या अखेरीस, क्लब आवनी आकेर सोडून अक्याझी येथे समुद्रात भर घालून बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये गेला होता. जुने मैदान पाडले गेले आणि तिथे उद्यान झाले.

एकत्रीकरण झाले की यश मिळतेच, असे मला सुचवायचे नाही. १९६५ साली स्थापन झालेला एस्कीशेहिरस्पोर त्राब्झोनच्याही आधी इस्तंबूलला भिडला होता, १९६९, १९७० आणि १९७२ मध्ये तो लीगमध्ये दुसरा आला, आणि पुढे हौशी लीगपर्यंत घसरला. १९६३ साली स्थापन झालेला बुर्सास्पोर २०१० साली विजेता झाला आणि २०२४ साली चौथ्या श्रेणीत गेला. इस्तंबूलबाहेरचे विजेते हे दोनच, त्राब्झोन आणि बुर्सा. त्यांतला एक इतका खाली जाऊ शकतो हे पाहिल्यावर, पहिल्या श्रेणीत आल्यापासून त्राब्झोनस्पोर एकदाही खाली गेलेला नाही, या साध्या गोष्टीचे महत्त्व विजेतेपदांइतकेच वाटू लागते.

आपल्याला विनंती अशी की पुढे कधी या क्लबवर लिहिण्याचा प्रसंग आला तर १९६७ चे एकत्रीकरण आणि त्यामागचे महासंघाचे धोरण यांना जागा द्यावी. तितकी जागा नसेल तर किमान अहमत सुआत ओझ्याझीजी आणि ओझकान स्युमेर ही दोन नावे छापावीत. लेखात शेनोल ग्युनेश यांचे छायाचित्र आहे आणि ते योग्यच आहे, पण ज्या दोन माणसांनी ती सहा विजेतेपदे घडवली त्यांची नावे कोठेही नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर