ग्राउंड स्कूलला (एअरलाइनच्या वर्गातल्या ट्रेनिंगला) जाणाऱ्या पायलट्सनी नक्की वाचा

ज्यांचं रिजनल एअरलाइनचं जॉइनिंग ठरलंय त्यांनी पहिल्या दिवसाची वाट बघत बसू नका, मेमरी आयटम्स (इमर्जन्सीत न बघता करायच्या कृती) आणि लिमिटेशन्स (विमानाच्या ठरलेल्या मर्यादा) आत्तापासूनच शब्द न् शब्द तोंडपाठ करायला घ्या. फ्लोजसाठी, म्हणजे ठरलेल्या क्रमाने स्विच हाताळायच्या सरावासाठी, कॉकपिटचं पोस्टर खुर्चीसमोर भिंतीवर लावा, हात खरोखर त्या स्विचपर्यंत न्या आणि कॉलआउट (कॉकपिटमध्ये बोलायचे ठरलेले शब्द) मोठ्याने म्हणा, 'व्ही वन' (टेकऑफ थांबवायचा निर्णय घेण्याचा शेवटचा वेग) ऐकलं की हात इंजिन पॉवरच्या लिव्हरवरून निघालाच पाहिजे, हे सगळं सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) गेल्यावर शिकायला वेळ मिळत नाही. एटीआर या टर्बोप्रॉप विमानावर जाणाऱ्यांनी हॉटेल मोड नीट समजून घ्या, त्यात विमान जमिनीवर उभं असताना उजवं इंजिन चालू पण प्रोपेलर ब्रेक लावून थांबवलेला असतो. मॅन्युअल कंपनीने दिलेलंच वाचा, मित्राच्या जुन्या नोट्सवर विसंबू नका, रिव्हिजन बदललेली असू शकते. आणि सिम पार्टनर कळला की लगेच फोन करा, रोज तासभर एकत्र बसा, फार फरक पडतो. लायसन्स-मेडिकलच्या तारखा आजच तपासा.