जुन्या प्रिंटची खालची कड कापू नका

मा. संपादक,

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची इंग्रजी राजकीय व्यंगचित्रे आणि मंत्र्या-सेनापतींची कोरीव चित्रे गोव्यात जुन्या वस्तूंच्या दुकानांत अधूनमधून दिसतात. पुढे ती फ्रेमवाल्याकडे जातात. तयार फ्रेमच्या मापात बसावे म्हणून खालची दोन बोटे कड कापली जाते आणि चित्राचा जन्मदाखलाच केरात जातो.

ब्रिटनच्या १७३५ च्या कायद्यानुसार नकलेपासून संरक्षण हवे असेल, तर प्रकाशनाची तारीख व मालकाचे नाव छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावरच कोरावे लागे. ही अक्षरे बहुधा चित्राच्या खालच्या कडेला उमटतात. इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या एका चित्रात ब्रिटिश पंतप्रधान पिट आणि नेपोलियन जेवायला बसून पृथ्वीचे पुडिंग कापताहेत. पिटच्या वाट्याला समुद्र, नेपोलियनच्या वाट्याला युरोप. त्यावर २६ फेब्रुवारी १८०५ ही तारीख आणि प्रकाशिका हॅना हम्फ्री यांचे नाव आहे. (नेपोलियनच्या धास्तीने गोव्यात ब्रिटिश फौज तळ ठोकून होती तो हाच काळ, तेव्हा विषय तसा परका नाही.) व्यक्तिचित्रांत बहुधा डावीकडे मूळ चित्रकाराचे नाव असते, उजवीकडे कोरणाऱ्याचे.

मात्र नुसत्या तारखेवर भुलू नये. गिलरेचे तांब्याचे पत्रे पुढे हेन्री बोन या प्रकाशकाच्या हाती गेले. शतकाच्या मध्यास त्याने त्यांवरून पुन्हा छपाई केली, जुन्या तारखांसकट. हे छाप जाड कागदावर, बिनरंगी आणि पुष्कळदा पाठपोट असतात. कागद उजेडासमोर धरा. वॉटरमार्कमध्ये (कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या खुणेत) १८१८ आणि पत्र्यावर १८०५ असेल तर छाप नंतरचा, यात वाद नाही. विजेरी आडवी धरली की पत्र्याच्या दाबाची खोलगट चौकट दिसते. कड फार आत कापली असेल तर हा पुरावाही गेला. व्यंगचित्रकार जॉन डॉयलची 'एचबी' सहीची चित्रे शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली, असल्याने त्यांत ही चौकट नसते. तेवढ्यावरून त्यांना बनावट ठरवू नये. दहापट भिंगाखाली रंगीत ठिपक्यांच्या नीटस रांगा दिसल्या, तर मात्र ती आधुनिक छपाई समजावी.

आपल्या हवेत खरी हानी काचेमुळे होते. कागद काचेला टेकला की पावसाळ्यात आत ओल धरते, बुरशी येते, तपकिरी ठिपके पडतात. मध्ये किमान ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा, आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवा. मागे प्लायवूड किंवा हार्डबोर्ड थेट लावू नये. सेलोटेप तर नकोच, त्याचा डाग जन्मभर जात नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने चिकटवून चित्र टांगते ठेवावे. पावसाचा मारा बसणारी भिंत टाळावी. ठिपके घालवायला ब्लीच वापरू नये. हाताने भरलेले जलरंग त्यात वाहून जातात.

फ्रेम कागदाच्या पूर्ण मापाने करून घ्या आणि माउंटची खिडकी खालची अक्षरे दिसतील एवढी ठेवा. कड आधीच कापली गेली असेल तर फ्रेमवाल्याकडे तुकडा मागा. मिळाला तर तो चिकटवू नका. आम्लविरहित पाकिटात घालून चित्राबरोबर ठेवा.

— जुन्या चित्रांचे जतन करणारा एक वाचक, म्हापसा